येशू माझा आहे आणि ऋतूही माझे आहेत: ख्रिस्ती आणि पेगन श्रद्धा एकत्र जगणारं इथे कुणी आहे का?

रानवाट:
लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. आज लिहूनच टाकते.

मी ख्रिस्ती घरात वाढले. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, आणि पुढे कळत्या वयात मी स्वतःहूनही येशूला हो म्हटलं. ते हो अजून मागे घेतलेलं नाही. पण गेल्या सहा वर्षांत दुसरंही काहीतरी हळूहळू आत शिरलंय. संपात (दिवस-रात्र सारखे असतात ते दिवस), अयनांत (सगळ्यात लांब दिवस आणि सगळ्यात लांब रात्र), चंद्राच्या कला, झाडांची पानगळ हे मी पाळायला लागले. आधी नुसती नोंद ठेवायचे, मग त्या दिवशी गप्प बसायला लागले, आणि मग त्या बसण्याला उपासना म्हणावं असं काही होऊन बसलं. पेगन म्हणतात ती वाट, म्हणजे निसर्गाला आणि ख्रिस्ती धर्माआधीच्या देवदेवतांना मानणारी.

माझ्या खिडकीशी एक बुटकं लाकडी टेबल आहे. त्यावर आजीचा क्रूस, पाण्याची वाटी, नदीतला एक चपटा काळा गोटा, आणि चार वर्षांपूर्वी हौसेने आणलेली मातीची वीतभर देवी. गेल्या हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात लांब रात्री, मी देवीची एक प्रार्थना पाठ करून बसले होते. मेणबत्ती लावली, तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं, "हे आमच्या स्वर्गातील पित्या". थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. मग काहीच बोलवेना. मेण ओघळून त्या गोट्यावर थिजलं, तरी मी तशीच बसून होते. तो डाग अजून आहे.

त्या रात्रीपासून एकच प्रश्न डोक्यात आहे: हे दोन्ही मिळून एक वाट होते, की मी दोन वाटांच्या मधल्या काट्याकुट्यात उभी आहे? ज्यांनी हे जगून पाहिलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. ज्यांना हे साफ चूक वाटतं त्यांचंही ऐकेन, फक्त मनापासून लिहा.

नवाकोरा:
माझ्याही मनात हेच आहे. वाचतोय.

जुनी_वही:
रानवाटताई, इतिहासाच्या बाजूने थोडं सांगतो. या विषयावर बोलताना पहिल्याच पावलाला लोक घसरतात. "ख्रिसमस मुळात पेगनच, ईस्टर मुळात पेगनच, चर्चने सगळं चोरलं" हे इतक्या वेळा म्हटलं गेलंय की खरंच वाटायला लागतं. पुरावा त्यामानाने फार तोकडा आहे.

२५ डिसेंबरचंच घ्या. सम्राट ऑरेलियनने २७४ साली रोममध्ये 'अजिंक्य सूर्या'चं मंदिर उभारलं हे खरं. पण २५ डिसेंबरला सूर्याचा उत्सव होता हे सांगणारा जुना दस्तऐवज आहे ३५४ सालचा, आणि येशूचा जन्म त्याच तारखेला धरल्याची जुनी नोंदही त्याच दस्तऐवजात आहे. मग कुणी कुणाचं घेतलं? दुसरीकडे, सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांची वेगळी आकडेमोडही होती: येशू क्रुसावर गेला तो दिवस २५ मार्च, गर्भधारणाही त्याच दिवशी, म्हणून जन्म नऊ महिन्यांनी. दोन्ही मतं अभ्यासकांत आहेत. ईस्टरच्या इंग्रजी नावामागे एओस्त्रे नावाची देवी असल्याचं बीड या इंग्लिश मठवासी इतिहासकाराने ७२५ साली लिहिलं. त्या देवीचा थेट उल्लेख करणारा तो एकटाच. आणि युरोपातल्या बहुतेक भाषांत त्या सणाचं नाव मुळात ज्यूंच्या वल्हांडणावरूनच आलेलं आहे.

हे सांगण्याचं कारण: तुमच्या वाटेला पाया हवा असेल तर तो "सगळं मुळात एकच होतं" या वाक्यावर घालू नका. तो टिकायचा नाही.

मात्र खरीखुरी सरमिसळ झालीच नाही असंही नाही. डेन्मार्कमध्ये ट्रेंडगार्डन इथे दहाव्या शतकातला दगडी साचा सापडला. त्याच एका दगडात ख्रिस्ती क्रूसही कोरलेला आहे आणि उत्तर युरोपातल्या जुन्या थॉर देवाचा हातोडाही. धातू ओतणारा कारागीर दोन्ही प्रकारच्या गिऱ्हाइकांना माल देत होता. त्यातल्या एखाद्याने दोन्ही विकत घेतले असतील का, हे तो दगड सांगत नाही. मला मात्र त्याचा विचार करायला आवडतं. आइसलँडच्या वसाहतीच्या जुन्या नोंदींत 'हेल्गी रोडका' नावाचा माणूस येतो. त्याची श्रद्धा ख्रिस्तावर होती, पण समुद्रप्रवासाला निघताना आणि कठीण कामाच्या वेळी तो थॉरचा धावा करायचा. आपल्या वस्तीला त्याने नाव दिलं क्रिस्टनेस, म्हणजे ख्रिस्ताचं भूशिर. आज तुमच्या टेबलावर जे आहे ते त्याच्या मनात हजार-अकराशे वर्षांपूर्वी होतं.

द्राक्षवेल:
रानवाट, मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी असेन म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस. मी विश्वासू ख्रिस्ती आहे आणि मला हे चूक वाटतं. का, ते नीट सांगते.

जुनी_वहींनी हेल्गी सांगितला, मी बीडनेच सांगितलेला दुसरा माणूस सांगते. इंग्लंडमधल्या पूर्व अँग्लियाचा राजा रेडवाल्ड. बाप्तिस्मा घेऊन घरी आला आणि एकाच मंदिरात दोन वेद्या मांडून बसला, एक ख्रिस्तासाठी आणि एक लहान, जुन्या देवांच्या बळीसाठी. बीडला हे अजिबात पसंत नव्हतं, आणि मलाही त्याचं म्हणणं पटतं. कारण वेदी म्हणजे सजावट नव्हे. वेदीवर माणूस काहीतरी देतो, आणि देणं कुणाला तरी असतं.

बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र वाच, आठवा आणि दहावा अध्याय शेजारी ठेवून. बाजारात मिळणारं मांस खा, विचारत बसू नका, कारण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं प्रभूचं आहे, असं तो म्हणतो. किती मोकळा माणूस! पण तोच पुढे सांगतो की प्रभूच्या मेजाचे आणि भुतांच्या मेजाचे असे दोन्हींचे भागीदार तुम्हाला होता येत नाही. गोटा, पान, पाण्याची वाटी, लांबलेली रात्र, हे सगळं त्या बाजारातल्या मांसासारखं आहे. ते देवाचंच आहे, खुशाल जवळ कर. देवीला हाक मारणं ही गोष्ट वेगळी. कर्मेल डोंगरावर एलिया संदेष्ट्याने लोकांना हेच विचारलं होतं, किती वेळ दोन मतांमध्ये लटपटत राहाल?

आणि तुझ्या तोंडून त्या रात्री आपसूक काय आलं ते तूच लिहिलंस. मला वाटतं उत्तर तुला मिळालेलं आहे.

नवाकोरा:
पण मावशी, अथेन्समध्ये पौल "अज्ञात देवाला" असं लिहिलेल्या वेदीपासूनच बोलायला सुरुवात करतो ना? आणि त्यांच्याच कवीची ओळ घेऊन "आपण त्याचा वंश आहोत" असं सांगतो.

द्राक्षवेल:
करतो, बाळा. प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय. त्यांचा कवी त्याला पाठ होता यात मला फार आनंद आहे. कवी पाठ असणं आणि त्या कवीच्या देवाला बळी देणं यात अंतर आहे, एवढंच माझं म्हणणं.

ऋतुचक्र:
मी पेगन आहे, बारा वर्षं झाली. त्याआधी ख्रिस्ती होतो. ज्या मंडळीत होतो तिथे माझ्या प्रश्नांना उत्तर म्हणून सगळ्यांसमोर मान खाली घालायला लावली गेली. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

द्राक्षवेलताईंशी मी सहमत आहे, हे मलाच नवल वाटतंय. फक्त मी पलीकडच्या बाजूने येतोय. रानवाट, तुम्ही मातीची देवी हौसेने आणली असं लिहिलंत. कोणती देवी? तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. माझ्यासाठी देवता म्हणजे निसर्गाचं सुंदर प्रतीक नव्हे. त्यांना नाव आहे, स्वभाव आहे, त्यांना काय चालतं आणि काय चालत नाही तेही आहे. त्यांच्याशी नातं जोडायला वर्षं जातात. येशूच्या शेजारी जागा होती म्हणून एक निनावी देवी बसवली, यात येशूचा अपमान होतो की नाही ते द्राक्षवेलताई जाणोत, देवीचा मात्र होतो.

आणि एक ओझंही आहे, ते दोन्हीकडच्यांनी उचलून पाहायला हवं. फ्रँकांचा ख्रिस्ती राजा शार्लमेन याने जर्मनीतल्या पेगन सॅक्सन लोकांसाठी केलेल्या कायद्यात बाप्तिस्मा नाकारणाऱ्याला मृत्युदंड होता. आपल्या माणसाचं प्रेत जुन्या रीतीने जाळलं तरी मृत्युदंड. ७८२ साली वेर्डेन इथे साडेचार हजार सॅक्सन एका दिवसात मारले गेल्याची नोंद खुद्द फ्रँकांच्या राजवृत्तांतात आहे. त्याच्याही आधी, ७२३ च्या सुमारास, बोनिफेस या ख्रिस्ती धर्मप्रचारकाने जर्मनीत गाइस्मारचा पवित्र ओक तोडला आणि त्याच लाकडाचं प्रार्थनामंदिर बांधलं. क्रूस आणि ओकचं पान एका टेबलावर ठेवताना मला ती कुऱ्हाड दिसते. तुम्हाला दिसायलाच हवी असं नाही, पण ती होती हे माहीत असूद्या.

आता माझ्या बाजूचंही खरं सांगतो. ज्या आठ सणांच्या चक्रावरून मी माझं इथलं नाव घेतलं, ते चक्र आजच्या रूपात १९५० च्या दशकात ब्रिटनमध्ये जुळवलं गेलं. जेराल्ड गार्डनर यांची विक्का या आधुनिक पेगन पंथाची मंडळी, आणि रॉस निकोल्स यांच्यासारखे ड्रुइड, म्हणजे जुन्या केल्टिक पुरोहितांचं नाव घेणारे आधुनिक पंथीय, यांच्यातून. सुटे सण जुने आहेत, माळ नवी आहे. शरद संपाताला 'मेबन' म्हणणं तर १९७० च्या दशकातलं. मला त्याची लाज नाही. माझी उपासना जुनी आहे म्हणून मी ती करत नाही.

जुनी_वही:
ऋतुचक्र, वेर्डेनचा आकडा त्या वृत्तांतात तसाच आहे. तो अक्षरशः घ्यायचा का यावर इतिहासकारांत वाद आहे. बाकी तुमच्या मुद्द्याला धक्का लागत नाही.

त्याच धाग्यात पोप ग्रेगरींचं ६०१ सालचं पत्रही यायला हवं. आधी त्यांनी इंग्लंडमधल्या केंटच्या राजाला लिहिलं की मूर्तींची पूजा बंद करा, देवळं पाडा. काही आठवड्यांतच, ब्रिटनच्या वाटेवर असलेल्या मेलिटस या धर्मप्रचारकाला दुसरं पत्र: खूप विचार केला, देवळं पाडू नका. आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा, वेदी मांडा. लोकांना बैल कापायची सवय आहे, तर सणाच्या दिवशी चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून त्यांना जेवू द्या, आभार मात्र देवाचे मानू द्या. उंच शिखर गाठायचं तर माणूस पायरी पायरीने चढतो, उड्या मारत नाही, असं त्यांचं कारण. कुणाला यात करुणा दिसते, कुणाला धूर्तपणा. मला तरी एक थकलेला माणूस आपलं मत बदलताना दिसतो, आणि म्हणून ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो.

दोन_दिवे:
इतके दिवस नुसती वाचत होते. मी दोन्ही करते. टेबलावर शेजारी ठेवलेलं नाही, खरंच दोन्ही. रविवारी प्रभुभोजन घेते आणि पौर्णिमेला आमच्या छोट्या वर्तुळात बसते, तिथे देवीला नावाने हाक मारते. तेरा वर्षं.

ऋतुचक्र, नाव सांगायला मला अडचण नाही, पण इथे उघड्यावर लिहिणार नाही.

रानवाट, तुला इतकंच सांगते की हे फुकट होत नाही. मी पाळकांना सगळं सांगितलं. त्यांनी मला लहान मुलांच्या वर्गावर शिकवण्यापासून दूर केलं. अकरा वर्षं शिकवत होते मी. रडले, पण त्यांची बाजू मला समजली. पालकांचा विश्वास त्यांच्यावर होता. वर्तुळातल्याही दोघी गेल्या, त्यांना माझ्या गळ्यातला क्रूस बघवत नव्हता. दोन्हीकडे मी अर्धीच धरली जाते. तरीही दोन्हीकडे जेव्हा डोळे मिटते तेव्हा मी पूर्ण असते. याचं समर्थन मला वचनांतून करता येत नाही आणि मी करायला जातही नाही. लपवून मात्र करू नकोस. लपवलं की ती वाट राहत नाही, चोरी होते.

द्राक्षवेल:
दोन_दिवे, तुमच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. पण तुम्ही पाळकांना सांगितलंत त्याबद्दल मनापासून आदर. आज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करेन, चालेल ना?

दोन_दिवे:
चालेल. बरं वाटेल.

सांजवात:
धागा संथपणे वाचून काढला. वाद बाजूला ठेवून दोन जिन्नस देते, रानवाटताईंना हाताशी उपयोगी पडतील.

पहिला, विस्तव राखायची रीत. अलेक्झांडर कार्मायकल यांनी स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर गेलिक बोलणाऱ्या लोकांकडून प्रार्थना गोळा केल्या, १९०० साली त्या छापल्या गेल्या. त्यांनी मजकुरावर आपला हात बराच फिरवला होता हे खरं, तरी त्यात घरातलं जे दिसतं ते सुंदर आहे. रात्री निजण्याआधी बाई चुलीतले निखारे गोल पसरते, त्याचे तीन सारखे भाग करते, मधे थोडी उंच जागा. भागांच्या मधे पीटचे (जळणासाठी वाळवलेल्या दलदलीतल्या मातीचे) तुकडे ठेवते, पहिला जीवनाच्या देवाच्या नावाने, दुसरा शांतीच्या, तिसरा कृपेच्या. मग सगळ्यावर राख ओढते, विझणार नाही इतपतच. डोळे मिटून, हात पुढे करून पुटपुटते. ही रीत ख्रिस्तपूर्व की ख्रिस्ती? त्या बाईला विचारलं असतं तर प्रश्नच कळला नसता. ती त्र्यैक्याचं, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचं, नाव घेत होती आणि विस्तवाशी बोलत होती.

दुसरा, असिसीचे संत फ्रान्सिस. १२२५ च्या सुमारास, आजारी, डोळ्यांनी जवळजवळ अधू झालेले असताना त्यांनी सूर्याचं स्तोत्र रचलं. त्यात सूर्य बंधू आहे, चंद्र भगिनी आहे, पृथ्वी तर भगिनीही आणि माताही. पण स्तोत्र सूर्याला उद्देशून नाही. "हे माझ्या प्रभू, तुझी स्तुती असो" असं म्हणून मग सूर्याचं नाव येतं, आणि दोन्हींना जोडणारा त्यांच्या बोलीतला शब्द आहे 'पेर'. त्याचा अर्थ 'सूर्याबद्दल' होतो, 'सूर्याकडून' होतो, 'सूर्याच्या द्वारे' असाही होतो. आठशे वर्षं लोक त्यावर भांडतायत. मला तो शब्द असा अर्धवट उघड्या दारासारखाच आवडतो. सूर्याबद्दल आभार मानता येतात, सूर्यासोबत स्तुती करता येते, सूर्यातून पलीकडे पाहता येतं. हाक मात्र एकालाच आहे.

ताई, तुमच्या टेबलावर 'पेर' आहे की 'ला' आहे, एवढं बघा. "सूर्यामुळे" की "सूर्याला".

रानवाट:
सगळ्यांचं वाचलं, काहींचं तीनतीनदा. उत्तर द्यायला वेळ घेतला कारण मधे १ फेब्रुवारी यायचा होता.

ऋतुचक्र, तुम्ही विचारलंत कोणती देवी. मला उत्तर देता आलं नाही, आणि त्या प्रश्नाने मला फार बोचलं. मी तिला ब्रिजिड म्हणायचे अधूनमधून. मग वाटलं, आधी ही कोण ते तरी नीट बघावं.

इ. स. ९०० च्या आसपासच्या एका आयरिश शब्दकोशात ब्रिजिड ही दाग्दा देवाची मुलगी, कवींची देवी. तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकीची, एक लोहारकामाची. आणि आयर्लंडमधल्या किल्डेरच्या संत ब्रिजिड, मठाच्या संस्थापिका, त्यांचा दिवस १ फेब्रुवारी, म्हणजे नेमका इंबोल्कचा, वसंताच्या चाहुलीच्या जुन्या सणाचा. बाराव्या शतकात वेल्सचा जेराल्ड या लेखकाने किल्डेरच्या अग्नीबद्दल लिहिलंय. एकोणीस नन आळीपाळीने एकेक रात्र तो राखायच्या. विसाव्या रात्री शेवटची नन लाकडं शेजारी ठेवून म्हणायची, ब्रिजिड, तुझा अग्नी तूच राख, आज रात्र तुझी आहे. सकाळी लाकडं जळलेली असायची, आग जिवंत असायची. पुढे तो अग्नी विझला. १९९३ साली ब्रिजिडाइन ननांनी किल्डेरमध्ये तो पुन्हा पेटवला.

जुनी_वही, देवीचीच संत झाली का?

जुनी_वही:
तसं ठामपणे म्हणता येत नाही. देवी आधीची, नाव एकच, दिवस एकच, अग्नीचा धागा आहे. पण त्या नावाची खरीखुरी मठाधिपती बाई होती असं मानणारे अभ्यासकही आहेत, आणि देवीबद्दलचा लेखी मजकूर सगळा ख्रिस्ती लेखणीतूनच आलेला आहे. कुठे एक संपते आणि दुसरी सुरू होते ते कागदावरून कळत नाही.

रानवाट:
मला तिथेच जागा सापडली असं वाटतंय. मी तिला संत म्हणून हाक मारते, "माझ्यासोबत प्रार्थना कर" एवढंच. द्राक्षवेलमावशी, तुमच्या मंडळीत संतांनाही हाक मारत नसतील तर हेही तुम्हाला खटकेल, मला कल्पना आहे.

१ फेब्रुवारीच्या रात्री काय केलं ते सांगते. स्तोत्रसंहितेतलं एकशेचारावं स्तोत्र मोठ्याने वाचलं. त्यात रानगाढवं आहेत, करकोचे आहेत, सशांचे खडक आहेत, चंद्र ऋतूंसाठी नेमलाय. इतकी वर्षं चर्चमध्ये ऐकलं होतं, पण खिडकी उघडी ठेवून कधी वाचलं नव्हतं. मग दिवा लावला आणि झोपताना म्हटलं, आज रात्र तुझी आहे.

मातीची मूर्ती त्याआधीच मी दिली. माझी एक मैत्रीण खरोखर तिची उपासना करते, नावाने, नेमाने. तिने ती दोन्ही हातांनी घेतली आणि आधी मूर्तीशी बोलली, मग माझ्याशी. ते पाहिलं तेव्हा कळलं की चार वर्षांत मी तिच्याशी एकदाही असं बोलले नव्हते.

संपात, अयनांत, गोटा, पाणी हे मी सोडणार नाही. पाळकांना पुढच्या आठवड्यात भेटणार आहे. दोन_दिवे, तुमच्यामुळे धीर आला.

द्राक्षवेल:
खटकतंच. पण एकशेचार वाचलंस, खिडकी उघडी ठेवून. उद्या मीही तसंच वाचणार आहे.

ऋतुचक्र:
मूर्ती योग्य घरी गेली. धन्यवाद, हे मी माझ्यासाठी म्हणत नाहीये. टेबलावरची तिची जागा आता रिकामी आहे का?

रानवाट:
हो. गोटा तिकडे सरकवून पाहिला होता, मेणाच्या डागासकट. मग परत जिथे होता तिथेच ठेवला.